देवरीच्या उतारावरचा हँडब्रेक

आधीच सांगून ठेवतो, हे वाचून कोणी मला लिंबू-मिरची बांधायचा सल्ला देऊ नये. भूत-प्रेत, करणी, अंगात येणं यातलं मी काहीच मानत नव्हतो. आम्ही बौद्ध. आमच्या बाबांनी घरात कधी अंगारा येऊ दिला नाही. त्यात माझा धंदा टोचनचा, म्हणजे रस्त्यात बंद पडलेल्या, नाल्यात गेलेल्या गाड्या ओढून आणायच्या. ज्यांत माणसं गेली अशा कितीतरी गाड्या मी ओढल्या आणि त्यानंतर ढाब्यावर बसून पोटभर जेवलो. भूत असतं तर सगळ्यात आधी मलाच भेटलं असतं, असं मी ऐटीत म्हणायचो.

ही गोष्ट २००८ च्या मे महिन्यातली. गोंदिया जिल्ह्यात नागपूर-रायपूर हायवेवर कोहमारा म्हणून चौक आहे. तिथं माझी गाडी उभी असायची. जुना ट्रक, मागे लोखंडी बूम, म्हणजे क्रेनसारखा दांडा, आणि साखळी बसवलेली. बंद गाडीचं तोंड साखळीनं उचलायचं आणि मागच्या चाकांवर ओढत न्यायचं. सोबतीला रामसहाय काका, साठीचे, छत्तीसगढचे, माझ्या दुप्पट अनुभवाचे.

माझा मोठा भाऊ सुखदेव. आम्ही त्याला दादा म्हणायचो. त्याचा स्वतःचा ट्रक होता, छत्तीसगढातून राइस मिलचा कोंडा आणायचा. घर सडक अर्जुनीला. गाड्यांचं मला जे काही कळतं ते त्यानंच शिकवलं.

मे लागायच्या थोडं आधी तो सहज चौकात आला आणि माझ्या गाडीखाली शिरला. गिअरबॉक्सचा प्लग खोलला, आत बोट घातलं, तेल अंगठ्यावर चोळलं आणि माझ्या नाकाला लावलं.

"पाह्य, कसा वास येऊन राहिला! जळलं हे तेल. हाफ क्लचवर कायले ओढतं बे गाड्या? बॉक्स तापून राहिला तुया."

तेल डांबरासारखं काळं झालं होतं आणि करपलेल्या डाळीसारखा वास येत होता. मी म्हणालो, "ओढते ना गाडी? मग ओढू दे ना. पावसाळ्यात बदलवतो."

"पावसाळ्यात गाडी तुले ओढन का तू गाडीले, ते पाह्यजो मग," एवढंच बोलून तो चहा प्यायला गेला. आम्ही दोघंही हसलो होतो... हो, हसलोच होतो.

मग तो दिवस आला. सकाळीच एक भरलेला टँकर खड्ड्यातून काढून मी चौकात परतलो होतो. बॉक्स तापलेलाच होता. पावणेदहाला दादाचा फोन आला. घाट चढून वर, देवरीच्या अलीकडे त्याची गाडी बंद पडली होती.

"डिझेल घेऊन नाही राहिली. तू ये गाडी घेऊन. अन् लहान्या... छातीत जळजळ होऊन राहिली सकाळपासून. अॅसिडिटी असन. येतानी गोळी आणजो."

मी लगेच निघालो. काका दुसरीकडे गेले होते म्हणून एकटाच. गोळ्यांची पट्टी खिशात टाकली. घाटाच्या अर्ध्यात गिअर सटकायला लागला. टाकला की बाहेर, टाकला की बाहेर. केबिनमध्ये तोच करपलेला वास भरला. पुढे रेटलं असतं तर बॉक्स जाम झाला असता, म्हणून गाडी कडेला लावली आणि थंड व्हायची वाट बघत बसलो. फोनला रेंज नव्हती. दादा तिथून फार तर सहा किलोमीटरवर होता.

आता खरं ते सांगतो. तेवढ्या वेळात एक काळी-पिवळी जीप माझ्याजवळ थांबली. ड्रायव्हर ओळखीचा होता. त्यानं विचारलं, "चालतं का वर?" मी म्हणालो, "नाही, गाडी सोडून कसा येऊ?"

टोचनवाल्याची हीच खोड असते. गाडीशिवाय गेलो तर माझा काय उपयोग, असंच डोक्यात असतं. मी गाडी आणायला निघालो होतो, माणूस आणायला नाही. त्या जीपमध्ये बसलो असतो तर दहा मिनिटांत दादाजवळ असतो आणि त्याच जीपनं त्याला दवाखान्यात नेलं असतं. मी दीड तास गाडीच्या सावलीत बसून राहिलो.

पोचलो तेव्हा दादा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. मला वाटलं झोपला. मी खिडकीतूनच गोळ्यांची पट्टी पुढे केली आणि म्हणालो, "घे, आणली."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, तासभर आधी आणायला पाहिजे होतं. त्यांना काय माहीत होतं! ते सगळ्यांनाच तसं म्हणत असतील. मी घरी फक्त एवढंच सांगितलं की मी गेलो तेव्हा तो गेलेला होता. दीड तासाचं कोणाला बोललो नाही, आणि जीपचं तर नाहीच.

अंत्यसंस्कार झाले. कोंडा दुसऱ्या ट्रकमध्ये भरून गेला. दादाचा रिकामा ट्रक तिथंच रस्त्याच्या कडेला उभा होता. तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, "त्याची गाडी रस्त्यावर नोको ठेवू. घरी आण."

माझ्या बॉक्समधलं तेल बदलायला अंगात जीव नव्हता. तेल कमी झालं होतं, म्हणून जळक्या तेलातच वरून नवं ओतलं. नासलेल्या दुधात ताजं दूध ओतावं तसलं हे काम, पण त्या दिवशी मला काही सुचत नव्हतं.

रामसहाय काका सोबत आले. आमच्या धंद्यात एक रीत आहे. ज्या सीटवर माणूस गेला, ती सीट घरच्यांनी पाण्यानं धुतल्याशिवाय टोचनवाला तिच्यावर बसत नाही. काका म्हणाले, "बेटा, पहले भाभी के हाथ से पानी डलवा ले. फिर ले चलेंगे."

मी चिडलो. "काका, हे सगळं मले नका सांगू. पाणी टाकून माणूस परत येते का?"

काका दादाच्या गाडीजवळ गेले. पण सीटवर बसले नाहीत. खालीच उभं राहून त्यांनी केबिनमध्ये हात घातला आणि हँडब्रेक खाली केला. जुन्या मॉडेलचा, दातादातानं वर चढणाऱ्या लिव्हरचा हँडब्रेक. तो खाली केला नाही तर मागची चाकं फिरतच नाहीत. दादाची गाडी दोन हात ओढून मी चाकं मोकळी आहेत हे बघितलं. मग दोन्ही दरवाजे लॉक केले, चावी माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली. तोंड साखळीला उचललं आणि आम्ही निघालो. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. ऊन लख्ख होतं.

उतार लागला आणि गिअर सटकला. पुन्हा टाकायला गेलो तर आत जाईना, नुसता करकर आवाज. न्यूट्रलमध्ये दोन गाड्यांचं वजन खाली धावायला लागलं. मी ब्रेक दाबला. आधी धरला, मग पाय सरळ खाली गेला. ब्रेकचे लायनर तापून काम सोडून बसले होते. आणि खालच्या वळणावर तेंदूपत्त्याचे गठ्ठे डोक्यावर घेऊन बायका रस्ता ओलांडत होत्या. आठ-दहा असतील. मी हॉर्नवर हात दाबून धरला. डोक्यावर गठ्ठा असलेली बाई पटकन पळू शकत नाही. काका ओरडले, "पहाड़ पे चढ़ा दे!" पण डोंगराची बाजू उजवीकडे होती आणि त्या बाजूनं समोरून एस.टी. येत होती.

तेवढ्यात मागून कोणीतरी धरून ठेवावं तसा ओढा बसला. झटका नाही... आधी थोडा, मग आणखी, मग पूर्ण. जाणता ड्रायव्हर हँडब्रेक एकेक दात करून ओढतो तसा. टायर घासल्याचा आवाज आला, रबराचा धूर पुढपर्यंत आला, आणि दोन्ही गाड्या त्या बायकांच्या वीसेक हात अलीकडे थांबल्या.

आम्ही उतरलो. दादाच्या गाडीची मागची चाकं गच्च होती. मागे रस्त्यावर काळे पट्टे उठले होते. दरवाजे लॉकच होते. मी खिशातून चावी काढून काकांना दिली. काकांनी दरवाजा उघडला.

हँडब्रेक शेवटच्या दातापर्यंत वर ओढलेला होता.

काका पुढे झाले नाहीत. हात जोडून खालीच उभे राहिले. मी वर चढलो आणि दादाच्या सीटवर बसलो. भीती म्हणतात तशी काही वाटली नाही, खोटं कशाला सांगू. फक्त रडू आलं. तीन दिवसांत रडलो नव्हतो, तेवढं सगळं तिथं रडलो. त्या बायकांपैकी एक म्हातारी गठ्ठा खाली ठेवून जवळ आली आणि मला पाणी देऊन गेली. काय झालं हे तिनं विचारलंही नाही.

मग मी माझ्या गाडीखाली शिरलो आणि गिअरबॉक्सचं तेल तिथंच एका डब्यात सोडलं. काळं पाणीच ते, त्यात पितळेचा चुरा चमकत होता. काका चौकात जाऊन नवं तेल घेऊन आले. बॉक्स थंड होऊन तेल भरेपर्यंत दुपार टळली. त्यानंतर गाडी पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो तशी, खाली आणली.

मागाहून मी मिस्त्रींना विचारलं. एक म्हणाला, केबल कुठं अडकली असेल. ठीक आहे, केबल अडकली तर चाकं धरतील, पण लिव्हर वर कसा येईल? झटक्यानं लिव्हर सुटून खाली पडतो, दात चढत वर जात नाही. दुसरा म्हणाला, काका खाली करायला विसरले असतील. मग आधी ती चाकं फिरली कशी? तिसऱ्यानं नुसती विडी पेटवली.

संध्याकाळी गाडी अंगणात लागली. वहिनीनं बादली आणली आणि कोणी न सांगता सीट धुतली. ती धूत असतानाच मी तिला सगळं सांगितलं. उतारावरचं आधी, मग जळलेलं तेल, मग दीड तास, मग ती जीप.

वहिनीचा हात थांबला नाही. सीट घासता घासताच ती बोलली.

"उशीर झाला ते मले मालूम हाये. तुले फोन केल्यावर त्यानं मले केला होता. म्हणे, लहान्या येऊन राहिला, त्याचा बॉक्स तापते, त्याले उशीर होईन, त्याच्यावर चिडजो नोको."

मी म्हणालो, "मग तू मले काऊन नाही बोलली?"

"कायले बोलू? त्यानं नाही म्हटलं ना." तिनं फडकं पिळलं. "राग तं हाये मले. तो जाणार नाही. पण मी तुले बोलणार बी नाही."

ती आजपर्यंत बोललेली नाही. मी गेलो की वाढते, पोरांचं विचारते. त्या दिवसाचा शब्दही काढत नाही. कधीकधी वाटतं, एकदा तरी तिनं मला तोंडभरून शिव्या द्याव्या.

हँडब्रेक कोणी ओढला, मला माहीत नाही. मी अजूनही अंगारा लावत नाही, कोणाला गंडा बांधा असंही सांगत नाही. तुमच्यापैकी कोणी इंजिनिअर असेल आणि त्याच्याकडे उत्तर असेल तर जरूर लिहा, मी वाचीन. आणि नाही मिळालं तरी चालेल. फक्त त्या दीड तासात दादानं मान वर करून किती वेळा रस्त्याकडे पाहिलं असेल, हे मात्र मला कोणी सांगू नका.