आईच्या कबरीवरची पाटी

दोन नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसाआधीच्या रविवारी भुईगावच्या ख्रिस्ती दफनभूमीत आईच्या कबरीवरच्या संगमरवरी पाटीची झिलई माझ्या हातून गेली.

त्या दिवसापूर्वी कबरी धुवायची गावाची रीत आहे. पाटीवर खाऱ्या पाण्यातल्या चुन्याचा पांढरा थर साचला होता. थोरल्या बहिणीने बादलीभर पाण्यात फरशी धुवायचं ॲसिड झाकणभर घातलं होतं. ते पाणी पाटीवर लावलं की बुडबुडे एकेक करून येत आणि थर सावकाश सुटे.

"ताई, या गतीने फादर कबरींना आशीर्वाद द्यायला येतील तेव्हा आपण पहिल्याच ओळीवर असू."

"घाई तुला जन्मापासून. आईच सांगायची," म्हणत ती विहिरीवर पाणी आणायला गेली.

मी बाटलीतलं ॲसिड पाणी न घालता पाटीवर ओतलं. लगेच फसफसून फेस आला. थर काही क्षणांत गेला, पण फेस थांबला नाही. संगमरवरही चुन्याच्याच जातीचा दगड; आता तो विरघळत होता.

बहिणीने धावत येऊन विहिरीवरून आणलेली अख्खी बादली ओतली. पाटी खरखरीत झाली होती.

आईचं नाव वाचता येतं. खालचं जन्मवर्ष बोटाने चाचपावं लागतं.