छिनच्या गाडीची वीज कोण पितं?

दक्षिण चीनमधल्या आमच्या ल्युचौ शहरात, यंत्र-कारखान्याच्या जुन्या वसाहतीत छिन बाओलिनइतका संशयी माणूस दुसरा नव्हता. चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. बाजारातून मासा आणला की घरच्या काट्यावर पुन्हा तोलायचा. बायको जूश्यांग फोनवर बोलू लागली की दारातून विचारायचा, "कोण आहे? काय हवंय त्याला?"

त्याची चौदा वर्षांची पेट्रोलची व्हॅन पार खिळखिळी झाली, तेव्हा लेकीने हट्ट धरला, की ती मोडीत देऊन विजेची छोटी गाडी घ्यायची. बाओलिनने व्हॅनमधली सतरंजी, रेडिओ, आरसासुद्धा उतरवून घेतला आणि मोडीच्या कारखान्यात उभा राहून तिचा चेंदामेंदा होताना पाहिला. "नाहीतर उद्या रंग मारून दुसऱ्याच्या गळ्यात मारतील," तो मला म्हणाला. मी त्याच्या वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे असं सगळं मला ऐकावंच लागतं.

नवी गाडी आली ती पिस्ता रंगाची. शोरूममधली मुलगी कौतुकाने सांगत होती, "काका, हिच्यातून वीज बाहेरही काढता येते. सहलीला गेलात तर शेगडीसुद्धा चालते."

तिने हे सांगायला नको होतं.

आठवड्याभरात बाओलिनच्या लक्षात आलं, की सकाळी पडद्यावर ऐंशी टक्के दिसतात आणि संध्याकाळी चौऱ्याहत्तर. गाडी तर जागची हललेली नसते. त्याने शोरूमला फोन केला. मुलगी म्हणाली, उभ्या गाडीची बॅटरी इतकी उतरत नाही, कुणीतरी वापरत असेल.

कुणीतरी! गाडीशेजारीच लू देगुईचं टपरीवजा स्वयंपाकघर होतं. दुपारभर त्याच्या विजेच्या शेगडीवर गोगलगाईंचा रस्सा रटरटत असायचा. बाओलिनने वायरींकडे पाहिलं, लूकडे पाहिलं, आणि त्याची खात्रीच पटली.

"लू, माझ्या गाडीवर रस्सा शिजवतोस काय रे?" चार लोकांसमोर त्याने विचारलं.

लूच्या हातातला झारा तसाच राहिला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? माझी वायर बघ, भिंतीत जाते!"

"आत्ता जाते. दुपारी कुठे जाते ते बघतो."

त्या दिवसापासून बुद्धिबळाचा त्यांचा रोजचा डाव बंद पडला.

मंगळवारी बाओलिन "दवाखान्यात जातो" असं सांगून निघाला आणि कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याच्या दुकानात दबा धरून बसला. मलाही साक्षीदार म्हणून ओढून नेलं. ऊन असं, की डांबर मऊ झालेलं. दोन वाजता जिन्यातून जूश्यांग उतरली. हातात पंखा, चहाची बाटली. तिने गाडीसमोर फोन धरला, दार उघडलं, आत बसली आणि काचा बंद केल्या.

बाओलिन पांढरा पडला. "कुणाला तरी भेटते ही," तो पुटपुटला.

आम्ही मागून जवळ गेलो. गाडीचा आवाज नव्हता, फक्त थंड हवेची बारीकशी घरघर. आणि काचेआडून गाणं. जूश्यांग मोठ्याने, गळा मोकळा करून, तिच्या माहेरच्या च्वांग बोलीतली डोंगरातली सवाल-जवाबाची गाणी गात होती. फोनमधून तिची गावाकडची बहीण जवाब देत होती. मधेच दोघी खो खो हसत होत्या.

बाओलिनने काचेवर टकटक केलं. गाणं थांबलं.

"किल्ली कुठून आणलीस?"

"लेकीने फोनमध्ये घालून दिली."

"घर काय ओस पडलंय गायला?"

जूश्यांग खाली उतरली. आवाज चढवला नाही तिने. "घरात मी तोंड उघडलं की तुम्ही विचारता, कोण, कशाला, किती वेळ. तीस वर्षं झाली. जुन्या गाडीत बसले असते, तर इंजिनाच्या आवाजाने सगळी वसाहत गोळा झाली असती. ही गप्प असते. म्हणून बसते."

आणि ती वर निघून गेली.

संध्याकाळी बाओलिन बिअरच्या चार बाटल्या घेऊन लूकडे गेला. लूने त्या ठेवून घेतल्या, पण तीन दिवस बोलला नाही.

जूश्यांग मात्र खाली उतरेनाशी झाली. आठ दिवस पडद्यावरचा आकडा हलला नाही, आणि बाओलिनला तेच सोसेना. नवव्या दिवशी जेवताना भाताकडे बघत तो म्हणाला, "गाडी नुसती भरून पडली तर बॅटरी बिघडते म्हणे."

"कोण म्हणे?"

"शोरूममधली ती मुलगी."

"तिच्यावर कधीपासून विश्वास बसला तुमचा?"

बाओलिनने भाताचा मोठा घास तोंडात कोंबला. पण दुपारी दोनला जूश्यांग चहाची बाटली घेऊन उतरली.

खाली झाडाखाली लूने पट मांडला होता. बाओलिनने प्यादं उचललं आणि मान हळूच गाडीकडे वळवली.

"तिकडे बघू नकोस," लू म्हणाला.

"बघत नाहीये. गाडीवर ऊन येतंय का, ते पाहतोय."