कल्पनाताईंची टायर खाणारी पिकअप

व्हील अलाइनमेंटचं दुकान टाकलं तेव्हा वाटलं होतं, दिवसभर चाकांशीच बोलायचं. पण गाडी मशीनवर चढली की मालकाला काही काम उरत नाही, मग तो बोलत बसतो. आडगाव नाक्याजवळच्या दुकानात मी आणि माझा भागीदार शंकर आजवर इतकं ऐकून बसलोय की विचारू नका. जुने टायर निदान भंगारवाला घेऊन जातो, किस्से कोण नेणार!

एकदा एक निवृत्त मास्तर आले. गाडीचा डावा टायर आतून गुळगुळीत. म्हणाले, "फक्त डाव्या बाजूची अलाइनमेंट करा. उजवी चांगली आहे, तिला हात लावू नका." मी समजावलं की दोन्ही चाकं एकमेकांकडे बघून लावावी लागतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, मग अर्धी करा." शंकर जॅक शोधायच्या निमित्ताने मागे पळाला.

* * *

पण आमच्या दुकानाचा खरा ऐवज म्हणजे देवळ्याच्या कल्पनाताई. नवऱ्याचं मनगट मोडल्यापासून घरची पिकअप त्याच चालवतात. स्वतःचा आणि शेजाऱ्यांचा कांदा विंचूरला नेतात. जास्त माल पेलावा म्हणून घरच्यांनी गाडीचे मागचे पाटे, म्हणजे मागच्या चाकांवर भार पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग, बदलले, भंगारातल्या दुसऱ्या गाडीचे जाड पाटे बसवले, आणि तेव्हापासून गाडी पुढचे टायर खायला लागली.

त्यांचे दीर वसंतराव यांचं निदान तयार होतं. बाईमाणूस गाडी उभी असतानाच स्टिअरिंग पिळते, म्हणून टायर झिजतात. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, निकालही देऊन टाकला होता. अजून एक जोडी अशीच गेली, तर गाडीची चाबी वसंताकडे.

ताईंनी हे सगळं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, रडून नाही, भांडल्यासारखं. मी पुढची चाकं मशीनवर लावली, चाकांचा कोन ठरवणारा टाय रॉड फिरवून स्क्रीनवरचे लाल आकडे हिरवे केले. "हिरवं झालं म्हणजे आता खाणार नाही ना?" त्यांनी विचारलं. मी छाती पुढे काढून नाही म्हटलं.

काही आठवड्यांनी त्या परत आल्या. गाडीच्या हौद्यातून झिजलेला पुढचा टायर काढला आणि माझ्या टेबलासमोर आपटला. तारा दिसत होत्या.

"घ्या, तुमचं हिरवं."

* * *

आबांनी दिलेली शेवटची जोडी संपली होती. पण ताई हटायला तयार नव्हत्या. त्यांनी घरी सांगितलं की नवीन जोडी टाकते, पण आता थोडे दिवस गाडी भाऊजींनी चालवायची, मी हात लावणार नाही. वसंतरावांनी मोठ्या ऐटीत चाबी घेतली. उभ्या गाडीचं स्टिअरिंग चुकूनही पिळलं नाही म्हणे.

टायर तसाच गेला. उलट जरा लवकरच.

वसंतराव तो घेऊन दुकानात आले तेव्हा ताई सोबत होत्या. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "आमच्याकडचे रस्ते लय खराब हायेत." ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मी चहा सांगितला, दुसरं काय करणार!

* * *

वसंतरावांच्या हातूनही टायर गेल्यावर चाबी कोणाची हा निकाल घरी लटकलेलाच राहिला. मग एका सकाळी ताई एकट्याच आल्या आणि गाडी मशीनवर न चढवता मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. वाटेत पाण्याच्या टँकरने रस्ता भिजवला होता. त्यातून गाडी काढून त्या कोरड्यात थांबल्या, उतरल्या आणि मागे वळून बघितलं. चाकांच्या ओल्या खुणा दोनच उमटायला हव्यात, मागची चाकं पुढच्यांच्याच मागून जातात. फोटोत चार दिसत होत्या.

"पुढची चाकं विंचूरला चाललीत," त्या म्हणाल्या, "आणि मागची सटाण्याला."

आमचं मशीन फक्त पुढची चाकं बघतं. शंकरने मशीनकडे ढुंकूनही पाहिलं नाही, थेट सुतळी मागितली. ताईंच्या गाडीत कांद्याच्या गोण्या शिवायचा गुंडा होताच. दोन्ही बाजूंनी ती ताणून मोजलं तर डावं मागचं चाक चांगलं दोन बोटं मागे! गाडी बिचारी तिरकी चालत होती आणि ताई स्टिअरिंग धरून तिला सरळ ओढत होत्या.

* * *

ताईंनी तिथूनच फोन करून वसंतरावांना बोलावून घेतलं. गाडी खोलायची तर त्यांच्यासमोरच, असा हट्ट धरला. ते येईपर्यंत शंकरला नटाला पाना लावू दिला नाही. जेवायला चला म्हटलं तर त्या आल्या नाहीत, स्टुलावर बसून राहिल्या.

वसंतराव आले. शंकरने दोन्ही पाटे उतरवून, बसले होते तसेच, जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले. पाट्याचा मधला बोल्ट अगदी मध्यावर नसतो, एक बाजू आखूड असते आणि ती पुढे यावी लागते. डावा पाटा उलटा बसला होता, आखूड बाजू मागे, म्हणून चाकही मागे.

वसंतराव वाकून बघत म्हणाले, "उलटा कसा बसेल? बसवताना मी स्वतः धरला होता."

मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो. शंकर पाना पुसत बसला. पुसलेलाच पाना परत पुसत होता!

* * *

पाटा सुलट बसवून होईतो दुपार टळून गेली. ताई गाडीत बसल्या, इंजिन सुरू केलं. वसंतराव ड्रायव्हरच्या दाराशी आले, थोडा वेळ घुटमळले, आणि वळसा घालून पलीकडून आत बसले. तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. आबा होते. ताईंनी स्पीकर लावून फोन दिराच्या हातात दिला आणि आरसा नीट करत बसल्या.

आबांना पाटा, बोल्ट काही ऐकायचं नव्हतं. त्यांनी अहिराणीत एकच विचारलं, "वसंता, चाबी कोनाकडे शे?"

मी आणि शंकर दारात उभे होतो. वसंतरावांनी एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा वहिनीकडे. ताईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही, गिअर टाकला.

"गाडीमाच शे, आबा," वसंतराव म्हणाले, आणि सीटबेल्ट लावला.