अमरसिंग गाडी हळू काहून चालवते

बोरी अरबची तानाबाई कुणावर विश्वास ठेवते, असं म्हणणारा माणूस गावात सापडायचा नाही. कापूस वेचणाऱ्या बायांच्या टोळीची ती मुकादमीण. शेतावर वजन सुरू झालं की बाकीच्या बाया पदरानं तोंड पुसत सावलीला बसतात; तानाबाई काट्यापाशी वाकून उभी राहते, वजन कमी भरावं म्हणून मालक लटकत्या गाठोड्याला खालून गुडघा लावतो की काय ते पाहायला. दुकानातलं मीठसुद्धा ती चाखून घेते. नवरा होता तेव्हा तो मंदिरात जातो म्हणाला की ही मागून जाऊन पायरीवरची चप्पल बघून यायची. अशा सासूच्या हाताखाली दिवस काढणं म्हणजे काय, ते तिच्या सुनेला, दिपालीला, विचारावं. पण बाया तिची टोळी सोडत नाहीत. तिच्या बायांना फसवणं आजवर कुणाला जमलेलं नाही.

या संशयातून सुटलेला माणूस एकच, तांड्यावरचा अमरसिंग. आपल्या ऑटोतून तो टोळीला दारव्ह्याच्या रस्त्यावरच्या शेतांत न्यायचा आणि दिवेलागणीला परत आणायचा. गाडी अशी पळवायचा की बायांनी एकमेकींना घट्ट धरावं आणि तरी हसू फुटावं. टपावर बकऱ्यांचा चारा, मागच्या जाळीला चुलीच्या काड्यांचे भारे, ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना एकेक बाई आणि मागच्या फळीवर पाय बाहेर सोडून दिपाली. घरी लवकर पोचवतो तो ड्रायव्हर चांगला, एवढंच सगळ्यांना ठाऊक. मीठ चाखून घेणाऱ्या तानाबाईला यात काही खटकू नये, याचं मला अजून नवल वाटतं.

दिवाळीनंतर अमरसिंग दारव्ह्याला गाडीवाल्यांच्या शिबिराला गेला आणि दुसऱ्या दिवशी भलताच माणूस होऊन आला. संध्याकाळी बाया काड्या बांधायला लागल्या, तर म्हणाला, "मागं नोका बांधू. लाल लाईट झाकते. मागचा ट्रकवाला कसा पाहीन?" शेजारी कुणाला बसू देईना. आणि गाडी तर अशी चालवायला लागला की सायकलवाले पुढे जाताना वळून पाहायचे.

"शिबिरानं सुधरला," दिपाली म्हणाली.

"एका दिवसात?" तानाबाईनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुहा सासरा तीस वर्सं मायाजवळ होता. तो नाई सुधरला. याच्यात काईतरी हाय."

मग तिनं माग काढायला घेतला. पहिला संशय दारूचा. पाणी द्यायच्या निमित्तानं ती त्याच्या तोंडाजवळ गेली. वास आला तो सुपारी-तंबाखूच्या खर्र्याचा. दुसरा संशय असा, की पलीकडच्या टोळीनं याला फितवलं असावं आणि आपण कंटाळून गाडी सोडावी म्हणून हा रेंगाळत असावा. त्या टोळीतल्या बायांशी दोन दिवस गोड बोलून तिनं तोही तपासला. त्यात तथ्य निघालं नाही. उरला आजार. झटके येत असतील, छातीत दुखत असेल. ऑटोत आपली सून बसते, गावच्या लेकीसुना बसतात, त्यांच्या घरच्यांनी त्या आपल्या भरवशावर पाठवल्या आहेत, हा विचार मनात आला की तिला भाकर गोड लागेना.

ती तांड्यावर जाऊन बसली. अमरसिंगच्या बायकोनं, चंदाबाईनं, चहा ठेवला.

"तब्येत बरी हाय ना त्याची?"

"त्याईले का होते? खाते, झोपते."

"मंग गाडी काहून अशी चालवते?"

चंदाबाई चहा गाळताना जरा थांबली. "सकाळी तं बराबर चालवते ना वं बाई," ती म्हणाली आणि चहा नसलेल्या कपात पुन्हा गाळणं धरून बसली.

तानाबाई घरी येईपर्यंत त्या एका वाक्याला चघळत होती. खरंच, सकाळी गाडी ठीक पळायची. सगळी रड संध्याकाळची. शिबिरातला साहेब काय फक्त संध्याकाळपुरतं शिकवतो?

दुसऱ्या दिवशी परतताना ती मुद्दाम अमरसिंगच्या पाठीमागच्या जागेवर बसली. दिवस बुडाला होता, पण अंधार पडला नव्हता. तिच्यासारख्या म्हातारीलाही बाभळी वेगवेगळ्या दिसत होत्या. पुढचा रस्ता नाकासमोर सरळ आणि पार मोकळा होता. तिनं त्याच्या खांद्यावरून मान पुढे काढली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं,

"अमरसिंग, त्या बाभळीखाली उभा हाय, तो तुहा शाम तं नोहे?"

शाम म्हणजे त्याचा पोरगा. अमरसिंगनं डोळे बारीक केले.

"हौ," तो म्हणाला. "तोच दिसते. इकडं कायले आला बाप्पा?"

तानाबाईनं त्याचा खांदा धरला. "गाडी थांबव," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता थांबव."

ऑटो कडेला लागला. मागच्या बायांना वाटलं टायर बसला.

"बाभळीखाली कोनीच नाई," तानाबाई म्हणाली. "चिटपाखरू नाई. तुले दिसत नाई, अमरसिंग. तुले दिसत नाई अन् तू आमाले घेऊन जाऊन राह्यला."

अमरसिंगनं आधी रस्त्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. समोरच्या काचेपाशी लावलेल्या सेवालाल महाराजांच्या फोटोमागे हात घालून त्यानं एक डबी काढली. आत कोरा करकरीत चष्मा होता.

"शिबिरात डोये तपासले," तो म्हणाला. "डॉक्टर म्हने, याच्याबिगर गाडी चालवाची नाई. दुकानात घालून पाह्यला, तवापासून इथंच हाय."

"मंग घालत काहून नाई?" तानाबाईचा आवाज चढला. "इतक्या बाया मारतं काय?"

"तुमच्यापाई नाई घातला."

"मायापाई?"

"सुनील आठवते? त्यानं नवा ऑटो आनलता, तवा तुमी काय म्हनलं? चष्म्याचा ड्रायव्हर म्हन्जे अर्धा आंधया, त्याच्या गाडीत आमी बसत नाई. एक बाई नाई चढली त्याच्या ऑटोत. ऑटो इकून तो पुण्याले गेला." अमरसिंग डबीशी चाळा करत होता. "मले बी तसंच केलं असतं तुमी. म्हनून म्हनलं, सकाळच्या उजेडात भागते, संध्याकाळी हळू चालवतो, निभून जाईन."

सुनीलला पाहून आपण काय म्हणालो होतो, ते तानाबाईला शब्दन् शब्द आठवत होतं, आणि तेव्हा बाया किती हसल्या होत्या तेही. आयुष्यभर तिनं दुसऱ्याचा गुडघा पाहिला होता. आपलाही गुडघा कुठे लागतो, हे पाहायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला, नेमका कुणाचा ते तिला कळेना.

मागून एक बाई म्हणालीच, "आता चष्म्यावाल्याच्या गाडीत..."

"मी बसून राह्यली ना?" तानाबाई तिच्यावर खेकसली. "तू बी बस. दिपाली, त्या फळीवरून उठ, आत ये." मग पुढे वळून म्हणाली, "घाल तो."

अमरसिंगनं चष्मा घातला, दोनदा सारखा केला आणि ऑटो सुरू केला. गाडी बेतानं चालली होती. बाभळीच्या पुढे गेल्यावर शेतांतून परतणारी माणसं लागली, रोजच्यासारखी. डोक्यावर भारे घेतलेल्या बाया, बकऱ्या हाकणारा एक म्हातारा, आईचं बोट धरून रस्त्याच्या बाजूनं चालणारी पोर. अमरसिंग प्रत्येकाला वळसा घालत होता आणि गाडी आणखी आणखी हळू करत होता. शेवटी त्यानं ती जवळजवळ थांबवलीच.

"तानाबाई," तो म्हणाला, "या रस्त्यानं संध्याकाळचे इतके लोकं पायी जातेत?"

तानाबाईनं आईचं बोट धरून चाललेल्या त्या पोरीकडे पाहिलं.

"रोजच जातेत," ती म्हणाली.