कमरेएवढा खड्डा

रुद्रम्माला इरम्मानं पाच मंगळवार बाहेरच्या कट्ट्यावरच बसवलं. पाणी दिलं, भाकरीचं विचारलं नाही.

रुद्रम्मा तीनचाकी स्कूटरवरून यायची. लहानपणीच्या पोलिओनं तिचा डावा पाय वाळलेला. प्रत्येक पावलाला मांडीवर तळहात दाबून ती गुडघा सावरायची. गुलबर्ग्याच्या एका संस्थेनं तिला आठ गावं नेमून दिली होती. अपंग मूल असलेल्या घरी जायचं, घरातल्याच माणसांना व्यायाम शिकवायचे, वहीत लिहायचं.

इरम्माला त्या वहीचाच संशय होता. तिची सहा वर्षांची मुलगी शिवलीला दिवसातून किती वेळा खाते, लघवीचं सांगते का, मान किती वेळ धरते. एवढं तर सोयरीक जुळवतानाही कुणी विचारत नाही.

“लिहून काय करतेस गं अक्का?”

“पुढच्या खेपेला फरक पडला का ते ताडून बघते.”

“आणि नाही पडला तर?”

“तर मी काय चुकले ते बघते.”

हे उत्तर इरम्माला फार गोड वाटलं, आणि गोड बोलणारी माणसं तिनं पाहिली होती. एकानं पोरीचा फोटो काढून नेला, तो परत फिरकला नाही. एकानं दिलेल्या तेलानं पोरीच्या मांडीची सालं निघाली. शिवाय रुद्रम्माचं माहेर चिंचोळीकडचं, सासू गुरुबाईचंही तिकडचंच. इरम्मानं ते मनात टिपून ठेवलं.

पाचव्या मंगळवारी रुद्रम्मा शिवलीलाचे ताठलेले पाय हळूहळू सरळ करत म्हणाली, “इरम्मा, हिला उभं करायला हवं. झोपून झोपून खुबे निसटतात. संस्थेत लाकडी चौकट आहे, पण रोज तिथं कोण नेणार? अंगणात खड्डा खण. कमरेएवढा, अरुंद. आत गोधड्या लावून हिला उभी करू.”

इरम्मानं पोरीला उचललं आणि आत जाऊन कडी लावली.

गुरुबाई मात्र ओट्यावर उठूनच बसली. “बघ! मी सांगते तेव्हा म्हातारी खुळी. आता शिकलेली बाई सांगते. पुढच्या गुरुवारी ग्रहण आहे, ठाऊक आहे ना?”

चार वर्षांपूर्वीच्या सूर्यग्रहणाला शिवलीला दोन वर्षांची होती. ओढ्याकाठच्या मातीत तिला गळ्यापर्यंत पुरलं होतं. त्या भागात तशीच रीत. ग्रहण सुटेपर्यंत माती अंगात जोर भरते म्हणतात. ओळीनं पाच मुलं होती, नुसती डोकी दिसत होती. पोरगी रडून रडून निळी पडली, मुंग्यांनी मान फोडली, आठ दिवस ताप उतरला नाही. चालणं तर दूरच. आणि ती माती छातीभोवती दाबली होती ती इरम्मानंच, स्वतःच्या हातांनी. तेव्हापासून तिचा नेम होता: पोरगी पुन्हा मातीत जाणार नाही.

आता तिला सगळं जुळताना दिसलं. माहेर एक, ग्रहण तोंडावर आणि खड्डा. सासूनंच ही बाई आणली. नवरा बेंगळुरूला बांधकामावर, विचारायचं कुणाला? दुसऱ्या दिवसापासून तिनं पोरीला घरी ठेवणंच बंद केलं. पाठीला बांधून तुरीच्या रानात न्यायची, बांधावर निजवायची आणि शेंगा तोडताना दर ओळीला वळून बघायची.

इकडे गुरुबाईनं कुदळ काढली. आयुष्य काळ्या रानात गेलेली बाई. चार दिवसांत खड्डा तयार झाला. इरम्मा रोज संध्याकाळी त्याच्याकडे बघायची आणि चूल पेटवायची.

मंगळवारी स्कूटरचा आवाज आला तेव्हा ती पोरीला कडेवर घेऊन दारातच उभी होती. रुद्रम्मानं खड्ड्यात डोकावून पाहिलं.

“हा कुणी खणला? विहीर काढायची होती का?”

“मी खणला,” गुरुबाई म्हणाली. “गळ्याएवढा लागतो ना?”

“गळ्याएवढा कोण म्हणालं, अज्जी? मी कमरेएवढा म्हणाले होते. हात बाहेर राहायला हवेत, खेळायला. अर्धा बुजवा.”

“अर्ध्या खड्ड्यानं अर्धाच गुण येईल!”

“येऊ दे अर्धाच.”

इरम्मानं सासूचं उतरलेलं तोंड पाहिलं. ते सोंग नव्हतं. म्हणजे दोघींचं ठरलेलं नव्हतं. तरी तिनं पोरीला खाली ठेवलं नाही. स्वतः पायानं माती लोटून, तुडवून तिनं खड्डा उथळ केला आणि बाजूला झाली.

“आधी तू उतर.”

“मी? अगं, मला वर कोण काढणार?”

“मी काढते. वाटलं तर.”

रुद्रम्मा हसली, मग हसायची थांबली. काठावर बसून तिनं हातांनी उचलून आधी डावा पाय आत सोडला, मग उजवा. खड्ड्याचा काठ मांडीपर्यंत आला. दुमडू पाहणारा गुडघा पुढच्या भिंतीला टेकून जागीच राहिला. ती सरळ झाली, आणि तिनं मांडीवरचा हात काढला.

सहा मंगळवारांत इरम्मानं उभ्यानं तिचे दोन्ही हात मोकळे असे कधी पाहिले नव्हते. रुद्रम्मानं त्याच हातांनी सुटलेला अंबाडा घट्ट बांधला.

“मुंग्या आहेत का?” इरम्मानं विचारलं.

“नाहीत. पण खडे आहेत. गोधडी आण.” इरम्मानं पोरीला कट्ट्यावर ठेवलं आणि रुद्रम्माला वर ओढून काढलं.

शिवलीला त्या दिवशी पन्नास मोजेपर्यंत उभी राहिली. मोजलं इरम्मानं, पोरीच्या दोन्ही काखांत हात ठेवून. पोरगी रडली नाही. तिनं समोर ठेवलेली तुरीची शेंग धरायला बोटं लांबवली. तिसऱ्यांदा धरली आणि लगेच पाडली. रुद्रम्मानं ते वहीत लिहिलं. “काय लिहिलंस ते वाच,” इरम्मा म्हणाली. तिनं वाचलं.

गुरुवारी सकाळी गुरुबाई आंघोळ करून मातीची पाटी घेऊन उभी राहिली. इरम्मानं खड्ड्यावर बाज आडवी टाकली होती आणि शिवलीलाला मांडीवर घेऊन त्या बाजेवर बसली होती. वर गोधडीची सावली.

“ऊठ. पोरीचा योग दवडतेस.”

“अत्ती, पाटी खाली ठेवा. हात भरून येईल,” ती सासूला म्हणाली.

ग्रहण सुटेपर्यंत ती उठली नाही. म्हातारीचं खरं निघालं तर, हा विचार तिच्या मनात आलाच नाही असं नाही. पण मांडीवरची पोरगी ऊबदार होती आणि मान कोरडी होती.

आता शिवलीला रोज दोनदा उभी राहते, दोनशे मोजेपर्यंत. रुद्रम्माला भाकरी मिळते, शेंगाचटणीबरोबर. पण इरम्माच्या कनवटीला एक सुतळी असते, मध्ये गाठ मारलेली. पोरीला उतरवण्याआधी ती सुतळी खड्ड्यात सोडते. गाठ बरोबर काठाला आली, रात्रीतून कुणी वीतभरही खोल केलेलं नाही याची खात्री झाली, की मगच गोधड्या आत जातात. गुरुबाई ओट्यावरून बघते आणि तोंड फिरवते. रुद्रम्मा आली असली तर तिच्यासमोरही सुतळी सोडली जाते. तेवढा वेळ ती वही मिटून थांबते.