बायकोचे गुडघे

माझ्या बायकोचे गुडघे दुखत नाहीत. ते दुखतात असं मी बार्शीला फोन करून सांगितलं, ही माझी चूक. 'चूक' हा शब्दही मी सोयीने वापरतोय. ते खोटं होतं, आणि बोलण्याआधी मी त्याची मनात एकदा उजळणी केली होती.

आम्ही सोलापुरात भवानी पेठेत राहतो. भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत, त्यांची खटखट दिवसभर चालते. वीज गेली की ती थांबते. एकदा अशीच वीज गेलेली असताना बायको म्हणाली, "जिथं काहीच ऐकू येत नाही, अशी जागा कुठं असेल का हो?" आजवर तिने माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी म्हणजे कुकर, पंखा, कपाटाचं कुलूप अशा होत्या. म्हणून मी मनावर घेतलं. शोधता शोधता हिमाचलातलं एक राष्ट्रीय उद्यान सापडलं. गाडीरस्ता नाही, हॉटेल नाही, मोबाइलला रेंज नाही. काही दिवस डोंगरात चालायचं आणि तंबूत झोपायचं. तिथं कोणी भेटतच नाही, अशा तक्रारी जाऊन आलेल्यांनी लिहिल्या होत्या. बायकोने त्या तक्रारी मला पुन्हा वाचून दाखवायला लावल्या.

बार्शीची मेहुणी आणि साडू यायला तयार झाले. साडूचं तिथं धान्याचं दुकान आहे. तो कुठल्याही गोष्टीला आधी हो म्हणतो आणि मग ती काय आहे ते विचारतो. एका रविवारी दोघं आमच्याकडे आले. जेवणं झाल्यावर मी उद्यानाचा नकाशा फरशीवर पसरला. त्यावर सगळीकडे बारीक तपकिरी रेषा होत्या. कुठे विरळ, कुठे एकमेकींना चिकटून.

"दाजी, ह्या काय?" साडूने विचारलं.

"पायवाटा," मी म्हणालो. माहीत नसलेलं ठामपणे सांगायची सवय मला नोकरीत लागली आहे.

"मग हितं लई वाटा हायत की! हिकडनंच जाऊ. एक चुकली तर दुसरी हायच."

मला ते पटलं. शिवाय त्या बाजूने अंतरही कमी होतं. सोलापुरात अंतर म्हणजे अंतर. ते वर जातं की खाली, हे आम्हाला कधी कुणी विचारलेलं नाही. रेषा सर्वांत दाट होत्या तिथून आम्ही लाल पेनाने मार्ग आखला.

"एवढ्या वाटा म्हणजे माणसंही असतील," बायको म्हणाली. "मग शांत कसं राहील?"

"अक्का, माणसं दुसऱ्या वाटेनं जातील की," साडू म्हणाला.

तो नकाशा मी तिथल्या वाटाड्याला फोटो काढून पाठवला. त्याचा फोन आला. त्याने आधी आम्ही गिर्यारोहक आहोत का ते विचारलं. मग शांतपणे हिंदीत समजावलं, की त्या रेषा उंचीच्या आहेत. जितक्या जवळ, तितका चढ उभा. तिथून एक वाट जाते खरी, पण सराव करून या. साडूला हे कळवलं तर तो म्हणाला, "मग तर तितनंच जायला पायजे."

सरावाला आमच्याकडे डोंगर नाही. ओळखीतल्या एकांची चार मजली इमारत आहे, तिचा जिना आम्ही संध्याकाळी चढू लागलो. पाठीवरच्या पिशवीत ज्वारी भरलेली. बायको गच्चीवर जाऊन उतरत असायची तेव्हा मी तिला दुसऱ्या मजल्यावर भेटायचो.

"बसलात का?"

"बुटाची नाडी सुटली."

तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मी चपला घालून आलो होतो.

मार्ग सोपा करायला हवा, हे मला त्या पायरीवर कळलं. पण साडू माझ्यापेक्षा लहान, मला मान देणारा. मला जिन्यात दम लागतो, हे त्याला कसं सांगू? मंगळवारी मी त्याला फोनवर म्हणालो, "हिचे गुडघे कुरकुरतायत. जरा सोपी वाट घेऊ."

"मग अक्काला राहू द्या की घरी," साडू म्हणाला. "आपण तिघं जाऊ. तिला कशाला तरास?"

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बघू की." आमच्या घरात 'बघू की' म्हणजे नाही. साडूच्या दुकानात बहुतेक त्याचा अर्थ हो असा असावा. रेल्वेची तिकिटं तोच काढणार होता. त्याने तीन काढली.

चार दिवसांनी मेहुणीचा फोन बायकोला आला. मी समोरच बसलो होतो. "हो," बायको म्हणत होती. "बरं. नाही गं, वाईट कशाला वाटेल? तेल पाठवू नकोस." फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

"माझे गुडघे कधीपासून दुखतात?"

"मंगळवारपासून," मी म्हणालो.

"बरं," म्हणून ती आत गेली.

ती भांडली असती तर माझी सुटका झाली असती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने नेहमीसारखी ज्वारीची पिशवी पाठीवर घेतली.

"आता कशाला?" मी विचारलं.

"सवय झालीय." चप्पल घालता घालता ती म्हणाली, "तिथं गेल्यावर नीट लक्ष द्या. काहीच ऐकू येत नाही म्हणजे कसं वाटतं, ते मला आल्यावर सांगा."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरोखरच ते जाणून घ्यायचं होतं.

मी तिच्या मागे गेलो. प्रत्येक मजल्यावर थांबलो, पण गच्चीपर्यंत पोचलो. ती कठड्याला टेकून उभी होती. मी तिच्यासमोर बार्शीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"दाजी, धापा का टाकताय?" साडू म्हणाला. "काय झालं?"

"जिना चढलो. अक्काच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही. दम मला लागतो, आणि तो लपवायला मी तिचे गुडघे पुढे केले. तिचं तिकीट काढा. मार्ग बदलायचा तर माझ्यासाठी बदला, नाहीतर मी राहतो."

 पलीकडे साडूच्या मागून मेहुणी म्हणाली, "आणि हे आमाला सांगून काय उपेग? अक्काला सांगा की!"

मी फोन कठड्यावर ठेवला आणि बायकोकडे वळलो.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "ही जागा तू मागितली होतीस, आणि मी तुलाच तिथून काढलं. वर तुलाच दुखणाईत ठरवलं. मला माफ कर."