टिटवीची पिल्लं

मासूमाला गोल्फच्या मैदानावर कामाला लावलं ते रंगूबाईनंच. दोघी नाशिकच्या कडेला एकाच गल्लीत राहायच्या. मासूमाचं शिवणकाम बंद पडलं, तेव्हा रंगूबाई सुपरवायझरकडे गेली आणि म्हणाली, "पोर चांगली हाय, घ्या." लॉनमधला लव्हाळा गड्ड्यासकट कसा उपटायचा, हे तिनंच मासूमाला शिकवलं. भाकरी खायला बसल्या की ती तिला तळ्यावरचे पक्षीही दाखवायची.

पुढं क्लबानं निसर्ग उपक्रम सुरू केला. तळ्याकाठचं गवत कापणं बंद झालं, फवारणी कमी झाली, झाडांवर घुबडांसाठी लाकडी पेट्या लागल्या. दर रविवारी शाळेची मुलं येणार होती. त्यांना फिरवायला उपक्रम बघणाऱ्या मनीषा मॅडमनी आधी रंगूबाईलाच विचारलं. रंगूबाई पदर तोंडाला लावून हसली. "लोकांत बोलायचं म्हंजे, मला नाय जमायचं." मॅडम आणखी एकदा आग्रह करतील, असं तिला वाटलं होतं. पण त्यांनी मासूमाला विचारलं. मासूमा लगेच हो म्हणाली.

मासूमाला हिरवी टोपी मिळाली. गळ्यात दुर्बीण आली. रंगूबाई गुडघ्यावर बसून गवत खुरपायची आणि मागून मासूमाचा आवाज यायचा, "कडक उन्हात टिटवी तळ्यात पोट भिजवून येते आणि मग अंड्यांवर बसते, अंडी गार राहावीत म्हणून." हे रंगूबाईनं तिला दाखवलं होतं, इथंच भाकरी खाताना. आपल्या घरचं भांडं दुसरीच्या मांडणीवर दिसावं, तसं तिला झालं. मुलं टाळ्या वाजवायची तेव्हा तिच्या हातून चांगलं गवतही उपटलं जायचं. ती वेगळी बसून जेवू लागली. मासूमाचा फोटो क्लबाच्या फलकावर लागला, त्या दिवशी रंगूबाई त्या बाजूनं गेलीच नाही.

टिटवीनं वाळूच्या खड्ड्याजवळ उघड्यावर अंडी घातली होती. भोवती लाल झेंड्या लावल्या होत्या. एका रविवारी सकाळी रंगूबाई तिथं खुरपत असताना पिल्लं बाहेर आलेली तिनं पाहिली. अजून धड चालताही येत नव्हतं, तरी ती आईमागून तळ्याच्या उंच गवतात शिरली. मासूमाला सांगायला ती उठली, आणि पुन्हा खाली बसली.

मुलं आली. झेंड्यांच्या मधे फक्त कवचाचे तुकडे होते.

"मुंगसानं खाल्ली," एक मुलगा म्हणाला. एक लहान मुलगी रडू लागली. मासूमानं वळून रंगूबाईला विचारलं, "मावशी, तुम्हाला काही दिसलं का?"

"मला काय म्हाईत. मी गवत बघते."

मासूमाचा उतरलेला चेहरा पाहून रंगूबाईला बरं वाटलं. पण ती मुलगी रडायची थांबत नव्हती.

मुलं नाश्त्याला गेली तेव्हा मासूमा रंगूबाईसमोर येऊन बसली. "तुम्ही सकाळपासून इथंच होतात, मावशी."

"व्हते."

"पिल्लं दिसली होती?"

रंगूबाईनं खुरपं खाली ठेवलं. "दिसली व्हती. तू त्या पोरांना सांगतीस ते समदं माझं हाय. येकदा तरी माझं नाव घेतलंस?"

मासूमा म्हणाली, "नाही घेतलं. मॅडमना तुम्ही नाही म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला यातलं काही नकोच आहे."

आपणच नाही म्हटलं, हेच रंगूबाईला आतून टोचत होतं आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं जास्त झोंबलं. ती उठली, तळ्याकडे गेली आणि बोटानं गवत दाखवलं. मासूमा मुलांना परत आणायला धावली.

आता मासूमा दर रविवारी म्हणते, "हे मला रंगूमावशींनी दाखवलं." सगळी मुलं वळून बघतात. रंगूबाई मान खाली घालते, तिला आवडतं ते. पण माना लगेच पुन्हा हिरव्या टोपीकडे वळतात आणि तिचा जीव जळतो तो जळतोच. तरी जे दिसेल ते ती मासूमाला सांगते. दोघी पुन्हा एकत्र जेवतात.

पंपाच्या मागच्या मातीच्या दरडीत खंड्यानं बीळ केलंय. चोचीत मासा घेऊन तो आत शिरताना रंगूबाई रोज बघते. ते मात्र तिनं अजून कुणालाच सांगितलेलं नाही.